सालीचं वाण

होबार्ट, २ जुलै २०२५

ती. वहिनींस,
साष्टांग नमस्कार.

काल नक्की झालं. दादाच्या अंगणातलं झाड तेच आहे. आमच्या उद्यानातल्या वनस्पतिसंग्रहाच्या प्रमुख हेलन यांनी ओजसने मे महिन्यात काढलेले फोटो पाहिले, पानं-फुलं-बोंडं ताडून पाहिली आणि शंकेला जागा नाही असं लेखी दिलं. तुमचा मुलगा एरवी माझ्या मेसेजला उत्तर देत नाही, पण फोटो मात्र चांगले काढतो. फोन करू नका असं तुम्ही मागे सांगितलंत, म्हणून हे पत्र.

हे झाड म्हणजे काय ते थोडक्यात लिहिते. तुम्हाला झाडातलं फारसं कळत नाही, तरी त्याचं मोल कळायला हवं. आपल्याकडे रस्त्याकडेला लाल फुलांचे बॉटलब्रश असतात, ते कुठल्याही नर्सरीत मिळतात. हे तसलं नाही. याची फुलं ताकाच्या रंगाची असतात आणि साल कागदासारखी, पदरापदरांची. इथल्या एका घळीत, ओढ्याच्या काठाने तेवढी ही झुडपं होती. मी वीसेक वर्षांपूर्वी सोलापूरला आले तेव्हा तिथलं चिमूटभर बी दादाला दिलं होतं. त्यातलं एकच रोप जगलं. नंतर ती घळ वणव्यात जळली. रोपं पुन्हा उगवली, आणि ती फुलायच्या आत दुसरा वणवा आला. आता तिथे एकही झुडूप नाही. आमच्याकडे साठवलेलं जुनं बी उगवत नाही. त्या घळीतलं जे काही जगात उरलं आहे ते जुळे सोलापुरात, शिक्षक सोसायटीत, तुमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर आहे.

तेव्हा काही गोष्टी आजपासून पाळा. फोटोत त्याच्या खोडाला कपडे वाळत घालायची दोरी बांधलेली दिसली. ती काढा. साबणाचं पाणी घालू नका, राख आणि शेणखत नको. रोज दोन बादल्या स्वच्छ पाणी हवं. फांदी छाटू नका. दादाची चाकाची खुर्ची अगदी बुंध्याला टेकलेली असते, तिच्या चाकांनी वरची मुळं दबतात. खुर्ची ओट्यावर घेतलीत तर बरं. दादाला सांगा, तो शाळेत मुलांना हेच शिकवत आला, त्याला लगेच कळेल.

त्याची तब्येत बरी असेलच.

आपली,
वैदेही


सोलापूर, ३० जुलै २०२५

प्रिय वैदेहीवन्सं,
न. वि. वि.

पत्र मिळालं. पोस्टमन आता दारात थांबत नाही, शेजारच्या सुंदरम्माकडे टाकून जातो. तिने आणून दिलं तेव्हा मी यांना भरवत होते. भरवून झाल्यावर झाडाखाली बसून सगळं वाचून दाखवलं. यांनी डाव्या हाताने खुर्चीच्या दांड्यावर थाप मारली, म्हणजे पुन्हा वाच. पुन्हा वाचलं. मग हे हसायला लागले ते कितीतरी वेळ थांबेनात.

यांच्या हसण्याबद्दल तुम्हाला कधी नीट सांगितलं नव्हतं. झटका आल्यापासून उजवी बाजू गेली, वाचा गेली, ते तुम्हाला माहीत आहे. पण डॉक्टर म्हणाले, मेंदूतली कुठली तरी दोरी उलटी बांधली गेली आहे. दुखलं, भीती वाटली, रडू आलं की हे हसतात. मोठ्याने, तोंड उघडून. बसून बसून पाठीला जखम होते, ती धुताना हसतात. तुमचे आई-आबा गेल्याच्या तिथीला फोटोसमोर बसवलं की हसतात. तुमचे फोन मी बंद करायला सांगितले ते याच्यासाठी. तुमचा आवाज आला की इतके हसायचे की श्वास कोंडायचा, आणि तुम्ही पलीकडून म्हणायचात, "बघा वहिनी, दादा किती खूश झाला!"

झाडाच्या बातमीला आनंदाने हसले की कसं, ते मला सांगता येणार नाही. आनंद झाला म्हणजे काय करतात ते सहा वर्षांत मला कळलेलं नाही.

दोरी काढली. यांची धोतरं आता जिन्याच्या कठड्यावर वाळत घालते. साबणाचं पाणी त्या झाडाला कधीच घातलेलं नाही. आपली काळी माती त्याला सोसत नाही, पानं पिवळी पडतात, म्हणून हे दर पंधरवड्याला चिंचेचं पाणी घालायचे. यांना झटका आल्यापासून मी घालते. हे तुम्हाला कोणी सांगितलं नसेल. दोन बादल्या पाण्याचं म्हणाल तर आमच्याकडे नळाला पाणी पाचव्या दिवशी येतं, तरी जमवीन.

खुर्ची ओट्यावर घेतली. तीन पायऱ्या आहेत. सुंदरम्मा एका बाजूने आणि मी एका बाजूने, असं करून चढवतो. तिथून झाड दिसतं, पण यांचा हात पोचत नाही. इतकी वर्षं दिवसभर बुंध्यावरचे सुटे पापुद्रे बोटाने चाळत बसायचे. आता तोंड भिंतीकडे करून बसतात.

तब्येत बरी आहे.

तुमची,
प्रभा


होबार्ट, २५ ऑगस्ट २०२५

ती. वहिनींस,
सा. न.

दादाचं वाचून वाईट वाटलं. पण डॉक्टर काय, काहीही सांगतात. मला तरी तो हसला की हसलेलाच वाटतो, आणि मी तसंच समजणार आहे. लहानपणी तो हसला की दंतमंजनाची जाहिरात म्हणून आबा चिडवायचे. तोच दादा माझ्या डोळ्यांपुढे राहू दे.

चिंचेचं पाणी ही कल्पना चांगली आहे. पण प्रमाण काय, किती दिवसांनी, हे लिहून ठेवलंय का? नसेल तर आतापासून ठेवा. हेलनने विचारलं आहे.

तुम्ही एकट्या आहात, वरून पाण्याची ओढाताण. मी बराच विचार केला. वहिनी, सरळ एखादा माणूस ठेवा. फक्त झाडासाठी. सकाळ-संध्याकाळ येईल, पाणी घालेल, कीड बघेल, कुणाला हात लावू देणार नाही. त्याचा पगार मी पाठवीन, त्याची काळजी तुम्ही करू नका.

बोंडांबद्दल सांगायचं राहिलं. फुलं झडून गेली की फांदीला राखाडी मण्यांसारखी बोंडं गच्च चिकटून राहतात. त्यांत बी असतं. ही बोंडं वर्षानुवर्षं मिटलेली राहतात. वणवा आला, किंवा ती फांदीच मेली, तरच उघडतात. झाड धडधाकट आहे तोवर बी सोडत नाही. म्हणून फांदी कापून, ती कागदात वाळवून बी घ्यावं लागतं. बी इकडे आणायचा सरकारी परवाना मार्चपर्यंत मिळेल. तेव्हा बेंगळुरूहून आमच्या ओळखीचा एक जाणकार येईल आणि दोन फांद्या नेईल. तुम्ही काहीच करायचं नाही. मी स्वतः आले असते, पण रजा मिळणं फार कठीण झालं आहे.

दादाला माझा नमस्कार सांगा. आणि त्याला झाडाकडे तोंड करून बसवा, बरं वाटेल.

आपली,
वैदेही


सोलापूर, २८ सप्टेंबर २०२५

प्रिय वैदेहीवन्सं,
न. वि. वि.

तुमच्या सांगण्याप्रमाणे माणूस ठेवला. नाव बसू. चाळिशीचा आहे, अक्कलकोटकडचा, अंगाने दणकट. सकाळी येतो, पाणी घालतो, पानं उलटीपालटी करून बघतो आणि मग झाडासमोर उकिडवा बसून तंबाखू मळतो. परवा यांना खुर्चीतून पलंगावर घेताना माझ्या कमरेत चमक भरली. हे निम्मे खुर्चीत, निम्मे माझ्या खांद्यावर. मी खिडकीतून हाक मारली, "बसू, जरा हात लाव रे." तो जागचा न उठता म्हणाला, "वैनी, मला झाडाचं काम सांगितलंय की. मान्साचं न्हाई." चूक त्याची नाही. त्याला जसं सांगितलं तसं तो बोलला. सुंदरम्मा धावत आली म्हणून निभावलं. तिने त्याला कन्नडमध्ये काय काय ऐकवलं ते मला कळलं नाही, पण त्याने तंबाखू थुंकली.

सहा वर्षांत यांच्यासाठी माणूस ठेवा असं कुणाच्या मनात आलं नाही. माझ्याही आलं नाही. झाडाचं निघालं म्हणून सुचलं.

नवरात्राचं सामान घेऊन संगप्पा आला होता. नवी पेठेत पूजासाहित्याचं दुकान आहे त्यांचं, यांचा जुना विद्यार्थी, म्हणून सणाला घरपोच आणून देतो. त्याची नजर झाडाच्या बुंध्यावर गेली आणि तो चप्पल काढून उभाच राहिला.

"वैनी, हे बूर्जपत्र हाय की!"

मी म्हटलं, "नाही रे, हे बॉटलब्रश."

"कसलं ब्रश? मी रोज इकतो त्ये. ह्येच्यावर यंत्र लिवून ताईतात घालत्यात. हिमालयातनं येतंय, आन् निम्मं नकलीच असतंय. हितं तुमच्या दारात हुबं हाय! सरांनी कंदी सांगितलं न्हाई बगा." त्याने सुटा पापुद्रा ओढला, उन्हात धरला, बोटाने चोळून वास घेतला. हे ओट्यावरून बघत होते. त्यांनी दांड्यावर थाप मारली. संगप्पा म्हणाला, "बघा, सर बी व्हय म्हणत्यात."

यांना भूर्जपत्र नाही म्हणायचं होतं हे मला कळत होतं. मी काही बोलले नाही, सणासुदीचा वाद कशाला. पण तुम्हाला विचारते. साल काढली तर झाडाला काही होतं का? वरचे पदर तर आपोआप गळतच असतात.

चिंचेचं पाणी चालू आहे. प्रमाण अंदाजाने.

तुमची,
प्रभा


होबार्ट, २२ ऑक्टोबर २०२५

ती. वहिनींस,
सा. न. दिवाळीच्या शुभेच्छा.

भूर्जपत्र! हेलनला सांगितलं तर ती पोट धरून हसली. वहिनी, भूर्ज हा हिमालयातला वृक्ष. याचा त्याचा सात जन्मांत संबंध नाही. त्या संगप्पाला सांगा की सरांनी वर्गात काय शिकवलं ते आठव. आणि तुम्हीही, दादाबरोबर इतकी वर्षं संसार करून, कुणी काही म्हटलं की गप्प बसता हे बरं नाही.

सालीचं नीट समजून घ्या, कारण यात चूक झाली तर भरून येणार नाही. वरचे कोरडे पापुद्रे मेलेले असतात, ते गेले तरी झाडाला पत्ता लागत नाही. पण त्यांच्या खाली गुलाबीसर, ओलसर साल असते. झाडाचा जीव तिच्यात. पानांत तयार झालेलं अन्न तिच्यातून मुळांना जातं. ती बुंध्याभोवती सगळीकडून कापली गेली, बांगडीएवढ्या रुंदीची जरी गेली, तरी मुळं उपाशी मरतात. वर काही दिवस सगळं हिरवं दिसतं, पण झाड संपलेलं असतं. म्हणून कुणालाही बुंध्याला हात लावू देऊ नका. कुंपण घालून घेता येईल का?

बसूबद्दल वाचलं. त्याला दुसऱ्या कामाला न लावलेलंच बरं, नाहीतर झाडाकडे दुर्लक्ष होईल.

आणखी एक, आणि गैरसमज करून घेऊ नका. दादाचं वय, त्याची अवस्था पाहता पुढचा विचार करायला हवा. त्याचं काही कमी-जास्त झालं आणि तुम्ही घर मोडून ओजसकडे पुण्याला जायचं ठरवलंत, तर आधी मला कळवा. घर विकायच्या आधी झाडाची सोय लावावी लागेल. पत्राला दिवस लागतात, तेव्हा अशा वेळी फोन केलात तरी चालेल.

हे पत्र दादाला वाचून दाखवताना एवढा भाग गाळा.

आपली,
वैदेही


सोलापूर, ३० जानेवारी २०२६

प्रिय वैदेहीवन्सं,
न. वि. वि. तिळगूळ घ्या, गोड बोला.

उत्तराला उशीर झाला. तुमचं पत्र यांना वाचून दाखवलं. सगळंच. गाळायचं काय, हे घरात सगळं ऐकतच असतात.

यंदा मी संक्रांतीचं हळदीकुंकू केलं. यांना झटका आल्यापासून केलं नव्हतं. नवरा खुर्चीत असा, आणि आपण नटून बायकांना बोलवायचं, मला बरं वाटायचं नाही. पण तुमचं पत्र वाचून मनात आलं, हे आहेत तोवर मी सवाष्ण. तुम्ही पुढचा विचार करायला लावलात म्हणून सुचलं. पुढच्या संक्रांतीचं कुणी सांगावं?

वाण काय लुटायचं याचा फार विचार करावा लागला नाही. प्लास्टिकचे डबे नि स्टीलच्या वाट्या सगळ्याच देतात. मी सालीचं वाण लुटलं. संगप्पाने कौतुकाने प्रत्येकीसाठी छोटं श्रीयंत्र काढून द्यायचं कबूल केलं आणि दुकानातही सांगितलं. सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा चालू, गाव माणसांनी भरलेलं. सोसायटीतल्या बायका आल्याच, पण वैरागच्या, अक्कलकोटच्या, ओळख ना देख अशा सवाष्णीही नवी पेठेतून विचारत विचारत आल्या. दारात चपलांना जागा नव्हती. रथसप्तमीपर्यंत रोज कुणी ना कुणी येत होतं. बसूने झाडाला हात लावू द्यायला नकार दिला. मी त्याला म्हटलं, सुट्टी घे, पगार चालू राहील.

यांची खुर्ची मी ओट्यावरून खाली आणली आणि पुन्हा बुंध्याशी ठेवली. सौभाग्याचं वाण, यजमान जवळ नकोत का? नवीन धोतर नेसवलं, गंध लावलं. एकेकीला हळदीकुंकू लावायचं, तिळगूळ द्यायचा आणि झाडाचा एक पदर ओढून हातात ठेवायचा. बायका यांच्या पायाही पडत होत्या. एक म्हातारी म्हणाली, "सर लई हासरे हायत गं बाई. आसा मानूस घरात आसला की घर भरल्यागत वाटतंय."

वरचे पापुद्रे पहिल्या दोन दिवसांतच संपले. मग आतली साल काढावी लागली. ती ओढून निघत नाही, विळ्याने उभी चीर देऊन सोलावी लागते. तुम्ही लिहिलं होतं तशीच आहे, गुलाबीसर, ओलसर. पाणी सुटतं तिला. बुंध्याच्या पुढची बाजू संपल्यावर मागची घेतली. सुंदरम्मा माझा हात धरून म्हणाली, "वैनी, आसं करू नगा की. झाडाला बी जीव हाय. सरांकडं तर बगा." मी पाहिलं. हे हसत होते. रथसप्तमीपर्यंत रोज, पहिली बाई फाटकातून आत आली की सुरू व्हायचे ते संध्याकाळी मी फाटक लावीपर्यंत. शेवटी आवाज बसला, तरी तोंड उघडं ठेवून हसतच होते.

तुम्ही तो हसला की हसलेलाच समजणार असं लिहिलं होतं, म्हणून मुद्दाम कळवलं. तुम्हाला बरं वाटेल.

सोबत सालीचा एक तुकडा पाठवते. वाण म्हणून नव्हे, वाण सवाष्णीला द्यायचं असतं आणि भावजी जाऊन तुम्हाला आता चार वर्षं होतील. नुसतं तुमच्या हेलनबाईंना दाखवायला.

पानं अजून हिरवी आहेत.

तुमची,
प्रभा


होबार्ट, १७ फेब्रुवारी २०२६

वहिनी,

पाकीट फोडलेलं मिळालं. साल इथल्या क्वारंटीनवाल्यांनी काढून घेतली आणि जाळली, तशी छापील चिठ्ठी आत होती. बरं झालं. मला ती हातात धरवली नसती.

मी नोकरीतली बारा-तेरा वर्षं या एका झुडपामागे आहे. घळ दुसऱ्यांदा जळली तेव्हा मी राखेत गुडघ्यावर बसून एकेक कोंब शोधला होता. वणवा आंधळा असतो, त्याला माफ करता येतं. तुम्ही डोळे उघडे ठेवून, कुंकू लावून, माझ्याच पत्रातलं वाचून विळा चालवलात. दादा तुमच्या हाताखाली आहे, तो बोलू शकत नाही, म्हणून त्याच्यासमोर केलंत. राग माझ्यावर होता तर मला शिव्या लिहायच्या होत्या. तुम्ही त्या घरात येण्याआधीही ते आमचं घर होतं, हे विसरलात. आई म्हणायची, प्रभा फार सोसते. तिला तुम्ही कधी कळलाच नाहीत.

ओजसला मी काही सांगितलेलं नाही. तुमच्या मुलासमोर तुमची लाज राखते आहे, एवढं ध्यानात ठेवा.

पत्र तीनदा वाचलं. तुम्ही बुंधा सोललात, फांद्यांचा उल्लेख नाही. म्हणजे फांद्यांवरची बोंडं अजून शाबूत असणार. परवाना परवाच हातात आला. बेंगळुरूच्या माणसाची वाट बघण्यात आता अर्थ नाही, मीच येते. १२ मार्चला दुपारी सोलापुरात पोचेन. आठ दिवसांची रजा मिळाली आहे. झाड मरायला लागलं की बोंडं उघडतील आणि बी वाऱ्यावर जाईल. ते इतकं बारीक असतं की मातीत पडलं तर पुन्हा सापडणार नाही. खाली एखादी चादर अंथरून ठेवा. वहिनी, मी इतकं सगळं लिहिलं तरी हात जोडून सांगते, एवढं करा. यापुढे तुमच्याकडे काही मागणार नाही.

दादासाठी काय आणू ते ओजसकडून कळवा.

वैदेही


सोलापूर, १२ मार्च २०२६, सकाळ

प्रिय वैदेहीवन्सं,
न. वि. वि.

झाड मेलं. सुंदरम्माचे भाऊ गुरुशांत कृषी खात्यातून निवृत्त झाले आहेत, त्यांनी काल येऊन पाहिलं. बुंधा, मग फांद्या, मग मुळाशी उकरून, सगळीकडे नखाने खरवडलं. कुठेच हिरवं नाही. "ह्येच्यात आता काय न्हाई," म्हणाले. तुमच्या हेलनबाईंसारखं लेखी मागितलं नाही.

हे पत्र पोस्टात टाकत नाही. किल्ली आणि हे पाकीट सुंदरम्माकडे ठेवते. तुम्ही रिक्षातून उतराल तेव्हा ती देईल. मी सकाळच्या एसटीने वेळापूरला बहिणीकडे जाते आहे. ओजसला सांगितलंय, आत्या येते आहे, आता आत्या बघेल. त्याला हायसं वाटलं. परत कधी येणार ते ठरवलेलं नाही. आठ दिवसांत तरी नाही. फोन करू नका, मला तुमचा आवाज सोसत नाही. पत्र लिहा.

तुम्हाला सोपं जावं म्हणून थोडं लिहून ठेवते. रोज दोन बादल्या पाणी यांनाच लागतं. नळ परवा येईल, पिंप भरून ठेवलंय, जपून वापरा. पाठीच्या जखमेला साबण लावू नका. भाकरी दुधात कुस्करून, मऊ झाल्यावर. डाव्या गालात धरून ठेवतात, बोटाने बघा. दर थोड्या वेळाने कुशीला वळवायचं, नाहीतर जखम वाढते. खुर्ची पुन्हा ओट्यावर घ्यायची असेल तर तीन पायऱ्या आहेत. बसूचं काम अजून सोडलेलं नाही, पगार तुमचाच चालू आहे. तो येईल आणि त्या काटकीला पाणी घालेल. माणसाला हात लावणार नाही.

तुमची पेटी, सामान ओजसच्या खोलीत ठेवा. झाडून घेतली आहे. दादासाठी आठ दिवसांची रजा कधी मिळाली नव्हती, बोंडांसाठी मिळाली, म्हणजे आलात हे काही कमी नाही. माझ्याही मनात होतं की तुम्ही एकदा यावं. चिंचेच्या पाण्याने ते जमणार नव्हतं.

आता बोंडांचं. तुम्ही म्हणाला होतात तसंच झालं. मागच्या आठवड्यात ऊन तापलं, पानं करकरीत वाळली आणि एका दुपारी बोंडं तडतड उघडायला लागली. मी चादर अंथरली होती, तुमचं पत्र आलंच होतं. यांची खुर्ची झाडाखालीच होती. बी तपकिरीसारखं, यांच्या केसांवर, मांडीवर, उघड्या तोंडात पडत होतं. बरंच वाऱ्यावर गेलं. चादरीवरचं आणि यांच्या धोतराच्या निऱ्यांतलं मी चिमटीने गोळा केलं.

ठेवायला घट्ट झाकणाचं काही मिळेना, तेव्हा माझा कुंकवाचा चांदीचा करंडा रिकामा केला, पुसला आणि त्यात भरलं. तुम्हाला पुरेल इतकं आहे. मी टाकून दिलेलं नाही. हवं तर गुरुशांतना विचारा, त्यांनी पाहिलंय.

करंडा मी यांच्या डाव्या हातात दिला. आत काय आहे ते सांगितलं, कुणाला द्यायचं आहे तेही सांगितलं. तेव्हापासून मूठ सोडलेली नाही. झोपेतही नाही. अंघोळीला मी तो हात तसाच धुतला. मी एकदा काढून बघायचा प्रयत्न केला, जमलं नाही. यांच्या सगळ्या अंगात जोर उरलाय तो त्या एका हातात.

तुम्ही आधी हाक मारून बघा, "दादा, दे." देणार नाहीत. मग मनगट गुडघ्यावर दाबून धरायचं आणि करंगळीपासून एकेक बोट उचलायचं. अंगठा शेवटी. जोर लावायला घाबरू नका, पण करंडा सांडू देऊ नका, झाकण सैल आहे. सुंदरम्माला मी तेवढा वेळ बाहेर थांबायला सांगितलंय, तिला ते बघवत नाही.

हे हसतील.

तुमची,
प्रभा